मांजर नव्हती, उस्मान

"ताट उचला! दोन्ही ताटं उचला म्हणतो मी, न्हाईतर तुमची खानावळ ह्या समुद्रात बुडवीन!"

असा मी तुझ्या अंगणात ओरडलो तेव्हा तुला जाऊन तिसरा दिवस होता. तुझ्या शेळीनं दावं तोडलं. भाबी म्हणते शेळी नुसती उभी राहिली, पण तिचं लक्ष नव्हतं. फातेहाला जमलेली वीस-पंचवीस माणसं होती, निम्मे शिरड शहापूरहून आलेले तुझे सोयरे. मयताच्या घरी कुणी असं ओरडतं का, असं तू विचारशील. मला ओरडायला लावलं तुझ्या मेव्हण्यानं. तो म्हणाला, "गणपतराव, ती माशाची गोष्ट सांगा. भाईजानला लई आवडायची. दोन दिस झाले, ह्या घरात कुनी हसलं न्हाई."

मग मी उभा राहिलो. ही गोष्ट मी बसून कधी सांगितलेली नाही, तुला ठाऊक आहे. आरोळी ठोकली, हातवारे केले, लोक हसायला लागले, तुझा म्हातारा चुलता तोंडावर रुमाल धरून हलायला लागला. आणि मग मी त्या जागेपाशी आलो जिथं तू कापसाच्या पिंजणावरून मान वर न करता म्हणायचास, "मांजर राहिली."

तिथं मी सवयीनं थांबलो. अकरा-बारा वर्षांची सवय. तू म्हणणार "मांजर राहिली", मी म्हणणार "मांजर नव्हती!", आणि मग गाडी पुढं. थांबलो. वाट बघितली. कुणीच काही म्हणालं नाही. लोकांना वाटलं माझा गळा दाटला. कुणीतरी पाणी आणून दिलं. गळाबिळा काही दाटला नव्हता, उस्मान. मी तू बोलायची वाट बघत होतो. गोष्ट तिथंच अडली ती अडली, चिखलात चाक रुतावं तशी, आणि मी खाली बसलो. बसल्यावर जे डोक्यात आलं ते अजून जात नाही, म्हणून हे लिहून राहिलो.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला एकदा पहिल्यापासून सांगू दे. आता चूक काढायला तू नाहीस, तेव्हा मलाच जपून सांगावं लागेल. जपून सांगायची मला सवय नाही, हेही तुला माहीत आहे.

हिंगोलीच्या त्या शेठला वैद्यानं हवा पालटायला सांगितली आणि त्यानं समुद्रकाठी बंगला घेतला. गावाची नावं मी आजवर तीन वेगवेगळी सांगितली, आज एकही सांगत नाही. तिथल्या काथ्याच्या गादीवर शेठचं अंग टेकेना. त्यानं निरोप धाडला: कापूस आपल्याकडचा पाहिजे आणि पिंजारी हट्ट्याचा पाहिजे. म्हणजे तू. मला कुणी बोलावलं नव्हतं. तूच आलास बांधावर, म्हणालास, "गणप्या, चाल. समुद्र बघू. एकट्यानं बघून काय करू मी?"

हे वाक्य आज लिहिताना हात थांबला. एकट्यानं बघून काय करू मी. बरं, पुढं.

कापसाचे दोन बोजे, तुझं पिंजण, माझ्या घरच्या पन्नास दशम्या आणि जवसाच्या चटणीचं गाडगं. गाडीत तुझं पिंजण बघून लोकांना वाटलं ही कसली तरी वीणाच आहे. मनमाडच्या फलाटावर एका बुवानं तुझ्या पाया पडून भजन म्हणायचा हट्ट धरला, आणि तू चार वेळा तार छेडल्यावर फलाटावरची सगळी माणसं डोलायला लागली. (तू म्हणायचास, "एकानंच इचारलं, अन् म्या न्हाई म्हनलो." असू दे.) मग मुंबईच्या धक्क्यावरून बोट. लोक म्हणतात समुद्राला भरती चंद्रामुळं येते. त्या दिवशी माझ्यामुळं आली. मागच्या दिवाळीच्या करंजीपर्यंत सगळं बाहेर पडलं. तू माझं कपाळ धरून बसला होतास, तुझ्या हाताला कापसाचा वास होता, आणि तू म्हणत होतास, "निंघू दे, निंघू दे. जागा व्हईल माश्याला."

ते गाव म्हणजे हवा खायला आलेल्या लोकांचं गाव. गळ्याला मफलर बांधून माणसं सकाळ-संध्याकाळ वाळूवरून चालायची, जसं काही वाळूत काही हरवलंय. आणि वास! धक्क्यापासून देवळापर्यंत ओळीनं खानावळी, प्रत्येकीच्या तव्यावर बांगडा. तिथं खोबरं घातल्याशिवाय पाणीसुद्धा उकळत नाहीत. आपल्या पूर्णेच्या मरळीवर वाढलेली माणसं आपण. आपल्याला वाटायचं मासा म्हणजे काळा, निसरडा, आणि चिखलाचा थोडा वास असलेला. तिथं टोपलीत चांदीची भांडी मांडावीत तसे मासे मांडलेले.

शेठच्या घरी आपल्या जेवणाची सोय नव्हती. त्यांचं सोवळं कडक. माझंसुद्धा तिथं चालत नव्हतं, म्हणून त्या घरापुरते आपण दोघं बराबर होतो. तीन दिवस आपण मागच्या पडवीत कापूस पिंजला, दशम्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी दुपारी तू गाडगं पालथं करून दाखवलंस. म्हणालास, "झालं. आता मासा."

वाटेत मी तुला अक्कल शिकवली, ती गोष्टीत मी कधी सांगत नाही. आज सांगतो. मी म्हणालो, "उस्म्या, नाव इचारलं तर उमाजी सांग."

तू इतका हसलास की रस्त्यातली मफलरवाली माणसं थांबली. "अन् मासा खाल्ल्यावर ढेकर कोनाच्या नावानं देऊ?"

खानावळवाली बाई दारातच होती. हातात भातवाढी, मनगटात हिरव्या बांगड्या. तिनं विचारलं, "कुठले तुम्ही? नावं काय?" मी म्हणालो गणपत. तू म्हणालास उस्मान. ती बाई वाईट नव्हती, हे मी गोष्टीत सुद्धा कबूल करतो. पाहुण्याला चांगली जागा द्यावी तशा आवाजात ती म्हणाली, "हे आत बसतील. तुम्हाला ओट्यावर वाढते हां. तिथं वारा छान येतो."

इथून पुढं माझी गोष्ट सुरू होते.

माझ्या गोष्टीत मी आत गेलो, पाटावर बसलो, समोर ताट आलं, आणि ओट्यावरची तुझी पाठ दिसल्याबरोबर माझं रक्त उकळलं. "ताट उचला! दोन्ही ताटं उचला!" भिंतीवरची पाल खाली पडली. तव्यावरचा बांगडा भीतीनं आपला आपण उलटला. मी माझं ताट उचललं, सगळ्यांच्या देखत ओट्यावर आलो, तुझ्या मांडीला मांडी लावून बसलो. आणि मग त्या बाईनं शरमेनं आपल्या दोघांना बावीस वेळा भात वाढला.

ही गोष्ट मी हट्ट्याच्या बाजारात सांगितली, सेनगावच्या लग्नात सांगितली, वसमतला हळद विकायला गेलो तेव्हा आडत्याच्या ओसरीवर सांगितली. निम्म्या वेळा तू हजर होतास. आणि तू तर चुका काढण्यात असा वस्ताद की बस. मी म्हणायचो बांगडा बैलाच्या शेपटाएवढा, तू म्हणायचास वीतभर. मी म्हणायचो सोलाची कढी रक्तासारखी लाल, तू म्हणायचास गुलाबी पेरूच्या गरासारखी. मी म्हणायचो खेकड्यानं माझा पटका पळवला, तू म्हणायचास, "पटका तू बोटीत टाकला. ओकारी पुसून." आणि शेवटी, मी ओट्यावर येऊन तुझ्या मांडीला मांडी लावली की, "मांजर राहिली."

"कसली मांजर?"

"ओट्यावर व्हती. पिवळी. एका कानाची."

"ओट्यावर मांजर नव्हती!"

"व्हती."

लोक पोट धरून हसायचे. आपलं हे भांडण त्यांना गोष्टीपेक्षा गोड लागायचं. एकदा तर आडत्यानं दोन बाजू पाडून पैज लावली, निम्मी ओसरी मांजरीच्या बाजूनं. मी सांगतो, आजही सांगतो, मरेपर्यंत सांगेन, मांजर नव्हती. मला त्या घरचं सगळं आठवतं. मांजर आठवत नाही.

पण ताट उचलण्याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. शेपूट, कढी, पटका, मनमाडचा बुवा, सगळ्यात बोट घातलंस. त्या एका जागी नाही. मी त्याला साक्ष समजलो. उस्मानसारखा माणूस गप्प बसतो म्हणजे ती गोष्ट खरीच असणार, नाही का?

आता त्या भाताचं ऐक. आपल्याकडं ताटात पडलेलं टाकत नाहीत. शेवटचं शीत सुद्धा बोटानं टिपायचं, ताटात पाणी फिरवायचं आणि ते पिऊन टाकायचं, म्हणजे घरधनिणीचा मान राहतो. तिथं उलटं. तिथं ताट रिकामं म्हणजे माणूस भुकेला. मी ताट चाटून लख्ख करावं आणि त्या बाईनं "लाजताय काय?" म्हणून पुन्हा मूद टाकावी. तो त्यांचा जाडा, तांबूस उकडा भात, वर नारळाची आमटी. तिनं वाढला की टाकता येत नाही, संपवला की ती वाढते. मी तिचा मान राखतोय, ती माझा मान राखतेय, आणि मधल्या मध्ये माझं पोट फुटून राहिलं. बावीस मुदी हे जरा जास्त झालं असेल. पण सात तर नक्की.

परवा नाही, दोन हिवाळ्यांमागं, माझ्या शेतात नदीच्या कडेला तू मरळ शिजवत होतास. दरवर्षी शिजवायचास. चिंच घालून, सुकं खोबरं भाजून, त्या गावाची चव आणायला बघायचास, आणि दरवर्षी म्हणायचास, "न्हाई जमलं." आपण एकाच परातीत खायचो. खोकला तुला तेव्हा सुरू झाला होता. आयुष्यभर लोकांच्या गाद्या मऊ केल्यास आणि ती सगळी रुई तुझ्या छातीत जाऊन बसली. मी तुला हसवायला भाताची गोष्ट काढली. म्हणालो, "उस्म्या, माझ्या ताटात ती बाई डोंगर रचून राहिली होती. तू कसा सुटला बे?"

तू भाकरी मोडत म्हणालास, "म्या पान दुमडलं. केळीचं व्हतं. दुमडलं की बाई समजली. तुला काय दुमडता येणार, तुझं पितळी ताट."

मी इतका हसलो की नदीतले मासे वर आले. पितळी ताट दुमडणारा गडी डोळ्यासमोर आला आणि मी गवतात लोळलो. तूही हसलास, मग खोकलास, मग पुष्कळ वेळ खोकलास.

तुझ्या अंगणात पाणी पिऊन खाली बसलो तेव्हा ते वाक्य मला ऐकू आलं. दोन वर्षांनी. तुझं पान. माझं ताट.

मग दोन्ही ताटं उचला असं मी ओरडलो ते दुसरं ताट कुठलं?

उस्मान, मला खरंच कळत नाही. थट्टा नाही. मी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की डोळे मिटले की मला मी ताट उचललेलं दिसतं. ताटाचा भार हातात जाणवतो. उंबरठा ओलांडताना आमटी हिंदकळून अंगठ्यावर सांडली, ती भाजते. ओट्यावर तुझ्या खांद्याला माझा खांदा लागला, माडाच्या झावळ्या वाजत होत्या, हेही आठवतं. पण दुसऱ्या दिवशी आपण वाळूवर बसून तळाची उरलेली एक दशमी मोडून खाल्ली, तेव्हाही झावळ्या वाजत होत्या. खांदा ओट्यावरचा की वाळूवरचा?

आणि त्या घरातला कोनाडा आठवतो. धुरानं काळा झालेला, त्यात पितळी समई, समईच्या मागं कुणीतरी ठेवलेला कंगवा. तो ओट्यावरून दिसतो का? बाईच्या हिरव्या बांगड्या माझ्या नाकासमोर सात वेळा किणकिणल्या, ते आठवतं. ती ओट्यावर येऊन सात वेळा वाढेल का? वाढेलही. बाई वाईट नव्हती. पण मग तिनं तुला का नाही वाढलं? तू पान दुमडलंस म्हणून. मग तू पान दुमडून माझं जेवण होईस्तोवर काय केलंस? समुद्र बघितलास? एकट्यानं?

मी कदाचित ओरडलोच असेन. मी कुठं ओरडत नाही? आणि कदाचित ओरडून, ताट उचलून ओट्यावर आल्यावर बाईनं भात वाढला असेल, आणि समई मी आधी आत बसलो होतो तेव्हाची असेल. असं बसवलं तर बसतं. रात्रंदिवस मी ते बसवून बघतोय, तू खोळीत कापूस बसवायचास तसं. एका कोपऱ्यात दाबलं की दुसऱ्या कोपऱ्यात फुगतं.

भूक होती हेही खरं. तीन दिवस दशम्या, त्याआधी बोट. माझ्या पोटात काही शिल्लक नव्हतं. पण भूक तुलाही होती. बोटीत तू काही खाल्लं नव्हतंस, माझं कपाळ धरून बसला होतास.

खरं असं असेल, की मी आत बसून सात मुदी भात खाल्ला, तर तू बोलला का नाहीस? शेपटाला वीतभर म्हणालास, तिथं बोलायला काय झालं होतं? मला राग येतो. मग वाटतं, बोलला असतास तर मी तुला खोटं पाडलं असतं, लोकांच्या समोर, मोठ्या आवाजात, आणि लोकांनी माझं ऐकलं असतं. कारण माझी गोष्ट चांगली होती. हे तुला माहीत असणार. तुला सगळं माहीत असायचं आणि तू तार छेडत बसायचास.

आणि गेल्या महिन्यातलं तुला सांगायचं राहिलं. तू अंथरुणाला लागला होतास. हल्ली बाजारात माणसं हळू बोलतात, कोण कुणाच्या ओसरीवर बसतं ते बघतात. वसमतला आडत्याकडं दोन गडी भिडायच्या बेतात आले होते, एक तुमच्यातला, एक आमच्यातला, कारण काय ते त्यांनाही नीट सांगता येईना. मी मध्ये उभा राहिलो आणि गोष्ट सांगितली. ताट उचला! दोघं हसले. एकानं दुसऱ्याला पान दिलं. मी छाती फुगवून घरी आलो, की उद्या उस्मानला सांगू, आपल्या माशानं आज काय काम केलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर तुला बोलवत नव्हतं. तू नुसती दोन बोटं हलवलीस. मी समजलो, शाबास म्हणतोय. आता वाटतं, दोन बोटांनी "मांजर राहिली" म्हणत असशील. नाहीतर काहीच नसेल, ताप असेल.

तू माझ्यासाठी फार केलंस, हे मी कधी म्हणालो नाही. आपल्यात असं म्हणत नाहीत. माझ्या लग्नाची गादी अजून मऊ आहे. तू मला समुद्र दाखवलास. माझ्या शंभर खोट्यांना तू शंभर वेळा वीतभर केलंस, म्हणून माणसं माझं थोडं तरी खरं धरायची. एक तेवढं वीतभर करायचं ठेवलंस, आणि तेच मला आता उचलवत नाही.

त्या दिवशी फातेहा झाली, सोयरे बैलगाड्या जोडून गेले, आणि दुपारी अंगणात मी एकटाच राहिलो. भाबी दाराच्या आत बसली होती, पदर ओढून. तू अर्धी टाकलेली गादी तिनं पुढ्यात घेतली होती, कुणाच्यातरी लेकीच्या लग्नाची; ती टाके घालत होती. मला तिनं तुमच्या ओट्यावर जेवायला वाढलं होतं. भात आणि तुमचा तो आंबट डाळचा. मी ताट पाणी फिरवून लख्ख केलं. तिनं आतूनच विचारलं, "अजून देऊ का, भाऊ?" मी नको म्हणालो. मला ताटावर आडवा हात धरता येतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी म्हणालो, "भाबी, एक इचारू?"

"इचारा."

"त्या समुद्राच्या गावाला आमी गेलो होतो. खानावळीत. तुमाला कधी बोलला असंल तो. मी माझ्या आठवणीनं सांगून राहिलो इतकी वर्षं, पण आता मला..." मला काही धड बोलता येईना. मला, उस्मान! "एवढंच सांगा. त्या दिवशी ओट्यावर तो एकटा जेवला का?"

तिनं दोरा दातानं तोडला. टाका दाबून बघितला.

"न्हाई भाऊ, एकटे न्हाई जेवले," ती म्हणाली. "मांजर व्हती म्हनायचे."